दुखलं की थांबायचं

आई सलग तीन दिवस अलिबागच्या बाजारात बसली नाही, हे मला काकीने फोन करून सांगितलं. आईने स्वतःहून सांगितलं नसतं. आमचं रोज सकाळी बोलणं व्हायचं, पण तिच्याकडून येणारी वाक्यं ठरलेली होती. बरं हाय, जेवले, तू जेवलास का. तिचा पुढचा दात पडला तेही मला दोन महिन्यांनी समोर बसल्यावर कळलं. काकी मात्र तोंडाची फटकळ. तुझ्या आईचा उजवा हात वर जात नाही, पाटी डोक्यावर चढत नाही, आणि तू तिकडे सातव्या मजल्यावर हवा खात बस, असं तिने मला सरळ सुनावलं.

सातवा मजला उलव्याचा. मी न्हावा शेव्याच्या बंदरातून परदेशी माल पाठवणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रं तपासतो. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे कागदांचा गठ्ठा असतो आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कंटेनर बंदरात अडकून पडतो. दुसऱ्यांनी केलेल्या शब्दांच्या चुका पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आमच्या आळीत पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला मुलगा मी. आईला त्याचं फार कौतुक होतं. मला तर तिच्याहून जास्त होतं.

आई अलिबागजवळच्या थळला एकटी राहायची. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि होडी विकली होती, पण तिचा सुक्या मासळीचा धंदा चालू होता. ओले बोंबील घ्यायचे, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी उंच दोरीवर टाकायची, वाळले की उतरवायचे, पाटीत भरायचे आणि बाजारात नेऊन बसायचं. चाळीस वर्षं तिचे हात दिवसातले कितीतरी तास डोक्याच्या वरच असायचे. मी दर सणाला तिला उलव्याला ये म्हणायचो. तिचं उत्तर एकच. पाटी डोक्यावर चढतेय तोवर मी माझ्या दारात, चढायची बंद झाली की तू मला ने. मीही त्याला हो म्हटलं होतं. म्हातारीचं राहतं घर तिच्या उजव्या खांद्यावर उभं आहे, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

रविवारी थळला गेलो तर अंगणातल्या दोऱ्या खाली आलेल्या. नेहमी तिच्या डोक्याच्या हातभर वर असायच्या, त्या आता छातीशी. डाव्या हाताने ती बोंबील अडकवत होती आणि उजवा हात पोटाशी धरला होता. आळीतली कुत्री दोरीखाली रांगेत बसली होती, कारण इतकी सोय त्यांची जन्मात कोणी केली नव्हती. मी आल्या आल्या चिडलो. मला काळजी वाटली की मी चिडतो, हा माझा जुना रोग आहे. किती दिवस झाले, कोणाला दाखवलं, मला का नाही सांगितलं. हळूहळू तिच्याकडून निघालं ते असं की शिमग्याआधी एकदा जड पाटी तिने एकटीनेच उचलली होती. खरं तर आमच्याकडे पाटी एकटीने उचलत नाहीत, दुसरी बाई समोरून हात लावते. पण त्या दिवशी सोबतीण पुढे गेली होती आणि गाडी सुटायला आली होती. खांद्यात काहीतरी कट्कन झालं. मग तेल चोळून झालं, मिठाच्या पुरचुंडीने शेकून झालं, एका हाडं बसवणाऱ्याकडून हात पिळूनही झाला होता.

मी तिला अलिबागला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढले, सोनोग्राफी झाली. डॉक्टर समजावून सांगणारे होते. खांद्याच्या आत हात वर उचलणारा एक स्नायू असतो, त्याचा हाडाला चिकटलेला दोर अर्धा फाटला आहे, अर्धा शाबूत आहे, असं ते म्हणाले. उरलेला अर्धा सांभाळला, नीट व्यायाम केला तर तीन-चार महिन्यांत हात बराचसा वर जाईल. ओझं मात्र जपून. आणि तोही फाटला तर, मी विचारलं. मग हात आपल्या बळावर वर जाणार नाही, ते म्हणाले. आईने त्या सगळ्यातून बराचसा हा एकच शब्द ऐकला. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं की बराचसा म्हणजे पाटीपर्यंत का. मी म्हटलं, तू सांगितलेलं ऐकलंस तर पाटीपर्यंत.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंची खोली एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. वयाने लहान, घाटावरून आलेली मुलगी, केस वर बांधलेले, आवाज खणखणीत. खोलीत एक अरुंद खाट, एक वायरींचं मशीन, रंगीत रबरी पट्टे, आणि एका भिंतीवर पेन्सिलीने आखलेल्या आडव्या रेघा. बाईंनी आईला विचारलं की शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं नाही, तर तुमचं किती. असं म्हणत त्यांनी हात हळूच बाजूला उचलला. आईच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, आणि ती म्हणाली, दोन. बाई हसल्या. मावशी, तुमचं तोंड तर आठ सांगतंय. त्यावर आईने हिशोब समजावून दिला. बाळंतपण म्हणजे दहा. मग हे दोनच की.

मला तेव्हा हसू आलं. त्या हसण्यातच थांबून नीट विचार करायला हवा होता. ज्या बाईचं दोन म्हणजे दुसऱ्याचं आठ, तिच्या हाती दुखण्याचं माप देऊन आपण निघून येतोय, हे मला कळायला हवं होतं. पण मला ऑफिसचा फोन आला होता. एका मालाचं वजन कागदावर चुकलं होतं आणि जहाजाची वेळ जवळ आली होती. मी खिडकीशी जाऊन एका कानात बोट घालून बोलत होतो. मागे बाई आईला तीन व्यायाम शिकवत होत्या. टेबलाला टेकून वाकायचं आणि हात लोंबता सोडून झोका द्यायचा. दोन हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला सरकवायचं. तिसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहून बोटं एक-एक करून वर चालवायची, पाल चढते तशी. त्या तिसऱ्याच्या वेळचं बाईंचं अर्धं वाक्य माझ्या कानात आलं. "दुखलं की थांबायचं, मावशी." पुढे त्या आणखी काही बोलल्या, पण तोवर मी इकडे वजनाचा आकडा ओरडून सांगत होतो.

निघताना बाईंनी चित्रांचा एक कागद दिला. इंग्रजीत होता. त्या म्हणाल्या, मराठीतले संपलेत, पण तुम्ही वाचून दाखवालच. मी हो म्हटलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवला. आठवड्यातून दोनदा आईने मशीनला यायचं असं ठरलं होतं. ती तीनदा गेली. सहा सीटर रिक्षात खांद्याला धक्के बसतात, दिवस मोडतो, अशी तिची कुरकूर सुरू झाली. मी म्हटलं, मग घरीच कर, कागद माझ्याकडे आहे, मी रोज फोनवर विचारत जाईन. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. थळ कुठे, उलवे कुठे. पण मला वाटलं, एवढं काय त्यात, हात तर वर न्यायचाय.

घरच्या व्यायामाच्या पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी तिचा फोन आला. ती संध्याकाळी कधी फोन करत नाही. मी दोन माणसांशी एकाच वेळी भांडत होतो आणि तिसऱ्याचा कागद माझ्या समोर होता. तिने भिंतीच्या व्यायामाचं काहीतरी विचारलं, थांबण्याबद्दल. मी म्हणालो, दहा मोज. कागदावर दहा हा आकडा होता हे मला पक्कं आठवत होतं. बरं, म्हणाली ती, आणि फोन ठेवला. या फोनबद्दल मला एवढंच आठवत होतं.

त्यानंतर रोज सकाळच्या आमच्या बोलण्यात एक वाक्य वाढलं. किती झालं आज? आज दहा. मग एक दिवस बारा. मग वीस. मी शाब्बास म्हणायचो. मला वाटायचं की ती वीस वेळा हात वर नेते आहे. तीस झालं तेव्हा मी बायकोला सांगितलं की बघ, माझं कसं ऐकते, तुम्ही सगळे म्हणता ती हट्टी आहे. बायको म्हणाली, एकदा जाऊन तरी बघून या. मी म्हटलं, जाईन की, महिनाअखेर संपू दे.

गेलो तो सहाव्या आठवड्यात. सकाळचे अकरा असतील. दार उघडं होतं आणि आई खिडकीशी पाठमोरी उभी होती. भिंत तिला पुरेनाशी झाली असावी. तिने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उचलून खिडकीच्या वरच्या गजाला अडकवली होती आणि गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार खाली सोडला होता. पदराचा बोळा दातांत धरला होता. तिच्या नाकातून एक बारीक आवाज येत होता आणि त्या आवाजातच ती आकडे मोजत होती. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. मग तिने डाव्या हाताने बोटं सोडवली आणि हात खाली पडू दिला. मागे वळली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला पाहून हसली. म्हणाली, आज पन्नास झालं.

खरं सांगतो, मला भरून आलं. या वयात किती चिकाटी, असं वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून शाब्बास म्हणालो. जगात इतकं शिकून मी जे काही शहाणपण मिळवलं, ते त्या एका शाब्बासकीत सगळं मावलं. काहीतरी चुकतंय हे मला दिसलंच नाही. माझ्या घरच्या माणसांनी कष्ट म्हणजे हेच पाहिलं आहे. जाळं हातातून सालं काढत सरकतं तेव्हा सोडायचं नसतं. खारं पाणी जखमेत शिरतं तेव्हाही सोडायचं नसतं. दुखतंय म्हणजे काम होतंय.

जेवताना लक्षात आलं की ती डाव्या हाताने जेवते आहे. आमच्याकडे मेलं तरी कोणी डाव्या हाताने जेवणार नाही. मी म्हटलं, उजवा हात वर कर बघू. तिने खांदा कानापर्यंत उचलला, मान वाकडी केली, पण हात मांडीपासून वीतभर वर आला आणि पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, सकाळी जास्त झालं असेल, उद्या येईल वर.

दुसऱ्या दिवशी अलिबाग. आधी व्यायामाच्या बाईंकडे, कारण डॉक्टर दुपारी बसायचे. बाईंनी हात तपासला आणि त्यांचा चेहरा बदलला. काय काय करत होतात ते मला करून दाखवा, त्या म्हणाल्या. आईने पहिले दोन व्यायाम दाखवले. मग भिंतीपाशी गेली, डाव्या हाताने उजवा हात उचलून पेन्सिलीच्या वरच्या रेघेशी टेकवला, दातांत पदर घेतला आणि मोजायला लागली. बाईंनी धावत जाऊन तिचा हात खाली घेतला.

"मावशी, मी दुखलं की थांबायचं म्हणाले होते ना?" बाईंनी विचारलं.

"थांबतेच हाय की मी," आई म्हणाली. "मना वाटलं तितंच थांबायचं. आमी अडानी मान्सं."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. थांबणं म्हणजे बंद करणं आणि थांबणं म्हणजे तिथेच उभं राहणं, एकाच शब्दात दोन्ही आहे, आणि रोज वीस जणांना ते वाक्य सांगूनही हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही, तुम्हाला नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं तेही आता आठवत नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्या मुलीचे डोळे भरले होते. आई तिला समजावत होती, की तुझी काही चूक नाही गं, मीच खुळी. मी मधे उभा होतो. दहा मोज असं मी फोनवर म्हणालो होतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आलं आणि गिळलं. माझ्या आणि आईशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आई तर त्याबद्दल काही बोलत नव्हती.

एमआरआय झाला. उरलेला अर्धा दोर पूर्ण तुटला होता आणि तुटलेलं टोक आत सरकलं होतं. आईची साखर, वय, स्नायूची झालेली झीज, हे सगळं बघून ऑपरेशनने फार काही हाती लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी पनवेललाही दाखवलं, तिथेही तेच. हा दोर लटकण्यामुळेच तुटला का, असं मी दोघांनाही विचारलं. दोघांनीही सांगितलं की खात्रीने सांगता येत नाही, या वयात अर्धा फाटलेला दोर आपोआपही तुटतो. ते वाक्य मी जपून ठेवलं. अंगात ताप असला की माणूस गार भिंतीला जसा टेकतो, तसा मी त्या वाक्याला टेकायचो.

उलव्याला परतल्यावर एकदा पाकिटातला कागद काढून वाचला. दहा म्हणजे दहा वेळा करायचं होतं. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की दुखल्यास व्यायाम बंद करून हात खाली घ्यावा. इंग्रजीत त्या वाक्याचा दुसरा अर्थ होतच नव्हता. दिवसभर इंग्रजी कागद वाचून पगार घेणाऱ्या माणसाने आपल्या आईचा एक पानी कागद सहा आठवडे उघडला नव्हता. मी तो फाडला आणि ओल्या कचऱ्यात टाकला, कोणी जोडून वाचू नये म्हणून.

गणपतीनंतर आईने घर बंद केलं. कराराची आठवण तिनेच करून दिली, मला बोलावं लागलं नाही. पाटी काकीला दिली, दोऱ्या काकीच्या अंगणात गेल्या. शेजारणी निरोपाला आल्या आणि प्रत्येकीने तिला सांगितलं की आता काय, लेकाकडे आराम कर. ती मान हलवत होती. गाडीत बसल्यावर तिने एकदाही मागे पाहिलं नाही. वडखळला ती म्हणाली की गाडीत गार वारा जास्त आहे, जरा कमी कर.

सातव्या मजल्यावर तिचा दिवस कसा जातो हे सांगण्यासारखं काही नाही. पोलकं घालायला, केस बांधायला, पाठ चोळायला माझी बायको लागते. ती सगळं मायेने करते, पण आई लाजते. जिने आयुष्यात कधी कोणाचा हात मागितला नाही, ती अंघोळीच्या दारामागून हळूच सुनेला हाक मारते आणि टीव्हीचा आवाज मोठा असेल तर तशीच ओली थांबून राहते. बाल्कनीत उभी राहिली की तिला बंदराच्या क्रेन दिसतात. समुद्र दिसत नाही, मधे इमारती आहेत. तिला एकदा विचारलं की करमतं का. म्हणाली, बरं हाय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. या सगळ्याची मी एक गोष्ट बनवली. पहिल्यांदा ऑफिसात सांगितली, डबा खाताना. आमची आई, थळची, तिला डॉक्टरबाईने सांगितलं दुखलं की थांबायचं, तर ही तिथेच थांबली, हात वर ठेवून पन्नासपर्यंत मोजत. लोक आधी हसले, मग चुकचुकले, मग म्हणाले, मराठी भाषाच अशी आहे बघा. मला बरं वाटलं. ज्यात हसू आहे आणि चूक भाषेची आहे, अशी गोष्ट सांगणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मी तो मार शब्दालाच दिला आणि मोकळा झालो. पुढे मी ती लग्नात सांगितली, सोसायटीच्या मीटिंगनंतर सांगितली, नव्या साहेबाला सांगितली. सांगून सांगून घोटली. आईचं थळकडचं बोलणंही मी हुबेहूब काढायचो.

तिच्यासमोर मात्र कधी सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मेव्हणा आणि त्याची बायको आले होते. खांद्याचा विषय निघाला. आई आत पडली होती, दार लोटलेलं होतं, झोपली असेल असं मला वाटलं. मी गोष्ट सुरू केली. शेवटाशी आलो, मना वाटलं तितंच थांबायचं, हे तिच्या आवाजात म्हणालो आणि सगळे हसले, तेव्हा आई दारात उभी होती. मेव्हणा ओशाळला. आई हसली. म्हणाली, व्हय, मी अशीच येडी. आणि खुर्चीवर बसून मेव्हण्याच्या मुलांची चौकशी करू लागली.

पाहुणे गेले. बायको त्यांना सोडायला खाली गेली. मी कप उचलत होतो. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हणालो की आये, मनावर घेऊ नको, गंमत केली, चूक त्या शब्दाची होती, कोणाचीही झाली असती.

ती गुडघ्यावर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मना पैल्याच दिशी कललं व्हतं, बाला," ती म्हणाली. "डाक्टरबाय बोलली व्हती, दुखलं का थांबा, हात खाली घ्या. दोनदा बोलली. मी हात खालीच घेत व्हते. मंग तुला फोन केला, का असाच करायचा ना? तू बोललास, खाली कशाला घेतेस, तितंच थांब, दहा मोज."

मला ते आठवत नव्हतं. ती बोलत असताना आठवलं. खाली कशाला घेतेस, हे माझेच शब्द होते, माझ्याच चिडक्या आवाजातले.

मी विचारलं की मग तू डॉक्टरबाईला तसं का नाही सांगितलंस. त्या मुलीने तर स्वतःला बोल लावून घेतला. आई म्हणाली की डॉक्टरबाई एक सांगते आणि तू दुसरं, तर मला वाटलं तुलाच जास्त कळत असेल, तू कागद वाचला असशील. आणि नंतर त्या खोलीत ते सांगितलं असतं तर त्या पोरीसमोर तुझं काय राहिलं असतं. अडाणी बाई चुकली तर कोणी काही म्हणत नाही.

मी तिच्या पायाशी खाली बसलो. माझ्याने वर बघवेना. माफी मागायला लागलो तर तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला गप्प केलं.

"झालं ता झालं," ती म्हणाली. "सुनंला सांगू नको, कोनालाच सांगू नको. मी येडी हाय, ताच बरा हाय."

लिफ्टचा आवाज आला, बायको परत आली होती. मी उठून कप बेसिनमध्ये ठेवले. आईने तिला विचारलं की पाहुण्यांना रिक्षा मिळाली का.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसात एक नवीन मुलगी लागली. डबा खाताना एकजण मला म्हणाला, सर, हिला ती तुमच्या आईच्या खांद्याची गोष्ट सांगा ना. मी घास गिळला, पाणी प्यायलो आणि सांगितली, नेहमीसारखी, तिच्या आवाजासकट.